एल रँचो, गॅलप : दिखाऊ काउबॉयगिरीचं हॉटेल 'ऐतिहासिक' कसं?

सुमेधा_डॅलस

मंडळी, प्रश्न प्रवासाचा आहे आणि थोडा वादाचाही.

जूनमध्ये डॅलसहून अमारिलो, अल्बुकर्की करत ग्रँड कॅन्यनला गाडीने जायचं घाटतंय. रूट ६६ ला (शिकागो-लॉस एंजेलिस जुना महामार्ग) २०२६ मध्ये शंभर वर्षं होतात, म्हणून जमेल तिथे आय-४० हा नवा महामार्ग सोडून जुना रस्ता धरायचा बेत आहे. अल्बुकर्कीच्या पश्चिमेला साधारण सव्वादोनशे किलोमीटरवर गॅलप नावाचं गाव लागतं, न्यू मेक्सिकोतच, ॲरिझोनाच्या हद्दीच्या अलीकडे. तिथलं एल रँचो हॉटेल मला कधीपासून खुणावतंय. १९३७ मध्ये सुरू झालं. जॉन वेन, हंफ्री बोगार्ट, कॅथरिन हेपबर्न, स्पेन्सर ट्रेसी, एरल फ्लिन, रोनाल्ड रेगन अशी हॉलिवूडची मंडळी आसपासच्या चित्रीकरणाच्या वेळी इथे उतरायची. खोल्यांना अजून त्यांचीच नावं आहेत.

पण घरातूनच विरोध आहे. नवऱ्याचं म्हणणं असं, की १९३७ मध्ये काउबॉय कधीच संपले होते. गुरं रेल्वेच्या वाघिणीतून जात होती. हॉलिवूडच्या लोकांना आपण पश्चिमेच्या रानात आहोत असं वाटावं म्हणून उभारलेला हा देखावा. त्याला ऐतिहासिक म्हणायचं, तर हायवेवरच्या चिरेबंदी 'वाडा' छाप धाब्यांनाही पन्नास वर्षांनी ऐतिहासिक म्हणावं लागेल.

मला त्याला उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे आले. कुणी राहिलंय का? आणि मुद्द्याबद्दल काय वाटतं?

ढब्बू_मिरची

नवऱ्याचं बरोबर आहे. धागा संपला. (हलके घ्या)

जुना_खोंड

धागा इतक्यात संपू देणार नाही.

आम्ही राहिलो आहोत. आधी इमारतीबद्दल. बाहेरून बघितलं तर नेमकं काय बघतोय तेच कळत नाही. दर्शनी भागाला पांढऱ्या उंच खांबांचा सज्जा, दक्षिणेतल्या कापूसमळ्यांच्या मालकांच्या बंगल्यांना असतो तसा. बाकी अंगाला वीट, दगड आणि ओंडके. नाव स्पॅनिश. वर निऑनची भली मोठी पाटी. आणि दारावर 'कालचा गोडवा, उद्याची सोय' अशा अर्थाचं घोषवाक्य. सगळ्या अमेरिकेतून एकेक तुकडा आणून चिकटवल्यासारखं.

आत गेलात की दुमजली दिवाणखाना. मधोमध दगडी शेकोटी, माणूस उभा राहील एवढी. तिच्या दोन्ही अंगांनी दोन जिने गोल वळत वर जातात. पायऱ्या म्हणजे उभे चिरलेले ओंडके, कठडेही लाकडाचेच, गाठी तशाच ठेवलेल्या. हात फिरवला तर जिथे लोकांनी नव्वद वर्षं हात टेकले तिथे लाकूड काचेसारखं झालंय आणि खालच्या बाजूला अजून खरखरीत आहे. वर सज्जाभर नटनट्यांचे सही केलेले फोटो. भिंतींवर हरणांची मुंडकी, नवाहो या तिथल्या मूळ जमातीचे गालिचे. आमची सौ. वर फोटो बघत फिरत राहिली, मी खाली शेकोटीपाशी खुर्चीत बसून येणाजाणारे बघितले. दोघांचेही पैसे वसूल झाले.

आता मुद्दा. देखावा आहे हे कबूल. पण कोणाचा देखावा आणि कशासाठी, हे विचाराल की नाही? हे हॉटेल आर. ई. ग्रिफिथ यांनी बांधलं. मूकपटांच्या जमान्यातले बडे दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांचे ते भाऊ, असं सांगतात. गॅलपच्या भोवती लाल कड्यांचे डोंगर, स्वच्छ उजेड, रेल्वे दारात आणि हायवेही दारात. चित्रपट कंपनीला आणखी काय हवं? दिवसभर धुळीत लोळून आलेल्या नटाला रात्री गरम पाणी आणि नीट वाढलेलं जेवण मिळालं पाहिजे, हा हिशोब. नोकरवर्गाला फ्रेड हार्वी कंपनीकडून तालीम दिली होती म्हणतात. रेल्वे स्टेशनांवरच्या उत्तम खानावळींसाठी ती कंपनी तेव्हा नावाजलेली होती.

पुराव्याने_शाबित

खोंडसाहेब, वर्णन फर्मास. पण 'भाऊ' प्रकरणावर माझी हरकत नोंदवून घ्या.

ही भावाची गोष्ट सगळीकडे छापलेली आहे. मला मात्र त्याहून रंगतदार माहिती कोर्टाच्या कागदांत सापडते. ग्रिफिथ नावाच्या भावांची ओक्लाहोमा, टेक्सास, न्यू मेक्सिको भागात चित्रपटगृहांची मोठी साखळी होती. गावोगावची थिएटरं एकत्र दाखवून चित्रपट वितरकांकडून आधी आणि एकट्याने चित्रपट मिळवायचे, अशा तक्रारीवरून सरकारने मक्तेदारीविरोधी खटला भरला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४८ मध्ये निकाल सरकारच्या बाजूने लागला. आपले आर. ई. ग्रिफिथ याच थिएटरवाल्या घराण्यातले. म्हणजे हॉटेल बांधणारा माणूस चित्रपट काढणाऱ्यांतला नसून तिकिटं विकणाऱ्यांतला होता. मला तर यावरून ते हॉटेल जास्त समजतं.

दुसरं, याच माणसाने पुढे लास व्हेगासमध्ये 'हॉटेल लास्ट फ्रंटियर' उभारलं, १९४२ मध्ये. बरोबर भाचा विल्यम मूर, तो वास्तुविशारद. तिथेही 'एल रँचो' हेच नाव द्यायचं होतं. पण आदल्याच वर्षी थॉमस हल यांनी 'एल रँचो व्हेगास' सुरू करून नाव पळवलं होतं. आज ज्या रस्त्याला स्ट्रिप म्हणतात तिथली ही पहिली दोन रिसॉर्टं, दोन्ही काउबॉय धाटणीची! एल रँचो व्हेगास १९६० मध्ये जळालं. लास्ट फ्रंटियरचं नाव आणि रूप बदलत गेलं आणि २००७ मध्ये उरलंसुरलं स्फोटाने पाडलं. त्याच्या आवारातलं लाकडी 'लिटल चर्च ऑफ द वेस्ट' तेवढं जागा बदलत बदलत अजून उभं आहे आणि लोक तिथे लग्नं लावतात.

सांगायचं एवढंच, की व्हेगासची चमकधमक ज्या कल्पनेतून निघाली तिचा आधीचा खर्डा गॅलपमध्ये आहे आणि तिथे आजही खोली मिळते.

नीलाक्षी

वाचनखूण साठवली. थिएटरवाला हा धागा पकडून पुढे जाते.

थिएटरच्या मालकाला एक गोष्ट बरोबर कळते : आत शिरल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात माणूस बाहेरचं जग विसरला पाहिजे. एल रँचोचा दिवाणखाना अगदी तसाच बांधलाय. खोल्या साध्या, सगळा खर्च लॉबीवर. त्या काळच्या मोठ्या चित्रपटगृहांत खुर्चीपेक्षा जिना आणि झुंबर भव्य असायचं, तोच प्रकार. म्हणून सुमेधा, नवऱ्याला सांग की हे काउबॉयचं घर म्हणून बघू नकोस. १९३७ च्या अमेरिकन माणसाच्या डोळ्यासमोर 'पश्चिम' म्हटल्यावर काय यायचं, ते लाकूड-दगडात बघायला मिळतं. काउबॉयचं खरं घर बघितलंस तर एक खोली आणि ढेकूण.

ढब्बू_मिरची

ढेकणांना तारेतारकांची नावं दिली असती तर तिथेही गर्दी झाली असती.

कर्वे_रोडचा_काउबॉय

आमच्या लहानपणी रविवारी सकाळी इंग्रजी मॅटिनीला घोडेवाले चित्रपट लागायचे. इंग्रजी कळायचं नाही, पण गोळी कोणी आधी झाडली ते कळायचं. त्या चित्रपटांतलं वाळवंट इतकं पाठ झालं होतं, की पुढे प्रत्यक्षात गॅलपच्या बाजूने गाडी चालवताना मी बायकोला "आता त्या कड्यामागून निघतील बघ" म्हटलं होतं.

एरल फ्लिन घोड्यावर बसून या हॉटेलच्या बारमध्ये शिरला होता अशी दंतकथा आहे. खरी की खोटी?

पुराव्याने_शाबित

घोड्याची साक्ष उपलब्ध नाही.

जुना_खोंड

काउबॉयराव, तुमच्या त्या वाळवंटाने सगळ्याच भूमिका केल्यात. १९४० च्या दशकात गॅलपच्या परिसराला कधी केनिया, कधी मोरोक्को म्हणून उभं केलं होतं. आणि बिली वाइल्डरने १९५० मध्ये गावाच्या पश्चिमेला कर्क डग्लसला घेऊन जो चित्रपट केला, 'एस इन द होल', त्यात तर काउबॉय औषधालाही नाही. गुहेत अडकलेल्या माणसाची सुटका लांबवून बातमी पिकवणारा वार्ताहर आणि ती मजा बघायला जमलेली जत्रा. चालला नाही बिचारा. एल रँचोच्या पाहुण्यांमध्ये कर्क डग्लसचंही नाव आहे. दिखाऊपणावरचा सगळ्यात कडवट चित्रपट दिखाऊपणाच्या माहेरघराशेजारी निघाला.

रेणुका_एन_एम

सगळं वाचतेय. मजा येतेय, पण एक बाजू कोणीच मांडली नाही म्हणून लिहिते. मी त्या भागात नोकरीला होते आणि गॅलपला बाजारहाटासाठी जाणं व्हायचं.

गॅलप हे नवाहो राष्ट्राच्या, म्हणजे नवाहो जमातीच्या स्वायत्त प्रदेशाच्या, उंबरठ्यावरचं गाव आहे. झुनी जमातीचं गाव, झुनी प्वेब्लो, दक्षिणेला जवळच. शनिवारी गावात निम्म्याहून जास्त चेहरे मूळ रहिवाशांचे दिसतात. पण गाव त्यांनी वसवलेलं नाही. रेल्वे आली १८८१ मध्ये आणि रेल्वेच्या पगार वाटणाऱ्या कारकुनाचं आडनाव गावाला मिळालं, डेव्हिड गॅलप. आपल्याकडे असं झालं असतं तर एखाद्या तालुक्याचं नाव 'कुलकर्णी खजिनदार' पडलं असतं.

एल रँचोच्या भिंतींवर नवाहो गालिचे आहेत. पडद्यावर धावत येणारे 'इंडियन' बरेचदा नवाहोच असत. अपाची हवे असले तरी नवाहो, शायान हवे असले तरी नवाहो. पण अमेरिकेच्या कायद्याने १९५३ पर्यंत मूळ रहिवाशांना दारू विकायला बंदी होती. म्हणजे दिवसभर कॅमेऱ्यासमोर घोड्यावरून पडणारा नवाहो माणूस संध्याकाळी त्याच नटाशेजारी बारमध्ये बसून एक ग्लास मागू शकत नव्हता. न्यू मेक्सिकोत मूळ रहिवाशांना मतदान करता आलं १९४८ पासून, तेही इस्लेटा प्वेब्लोचे मिगेल त्रुहियो कोर्टात गेले म्हणून. दुसऱ्या महायुद्धात नवाहो भाषेतून सांकेतिक संदेश पाठवणारे जवान घरी परतले तेव्हा त्यांना मतही नव्हतं आणि बारमध्ये जागाही नव्हती.

सुमेधा, मी 'जाऊ नकोस' म्हणत नाहीये. जाच. पण त्या सज्जावरचे फोटो बघताना कोणाचे फोटो नाहीत तेही बघ.

नीलाक्षी

रेणुका, मनापासून +१. यात 'ऐतिहासिक' हा शब्द उलट जास्त लागू पडतो असं मला वाटतं. फक्त गोड आठवणींचा इतिहास नको, एवढंच.

अर्धवटराव

मी असहमत. म्हणजे माहितीशी नाही, सुराशी. प्रत्येक जुन्या वास्तूपुढे उभं राहून पापाची बेरीज करायची म्हटलं तर घरातून निघायला नको. हॉटेलात माणूस दमून झोपायला जातो. हॉटेल चालवणाऱ्याने कायदा केला नव्हता.

रेणुका_एन_एम

अर्धवटराव, बेरीज तुम्ही केलीत, मी फक्त आकडे लिहिले. :)

आणि हा एकतर्फी रडका किस्सा नाहीये बरं. दिग्दर्शक जॉन फोर्डच्या एका चित्रपटात नवाहो मंडळींनी शायान सरदारांच्या भूमिका केल्या. गंभीर प्रसंगात ठरलेलं काहीतरी बोलायचं तर त्यांनी आपल्या भाषेत चावट विनोद मारून घेतले. दिग्दर्शकाला पत्ता नाही. पुढे नवाहो प्रेक्षक तो चित्रपट बघताना करुण प्रसंगाला खो खो हसायचे.

गालिच्यांचंही तसंच. आपण ज्याला अस्सल नवाहो गालिचा म्हणतो तो मुळात पांघरायचा असायचा. रेल्वेने गिऱ्हाईक आलं, व्यापाऱ्यांनी सांगितलं जाड विणा, कडेला काठ द्या, लाल रंग वाढवा. ॲरिझोनातल्या गॅनाडो गावच्या हबेल या व्यापारी पेढीचा यात मोठा वाटा होता. पण माग, हात आणि नक्षीची अक्कल विणकर बायकांची. दोन गालिचे सारखे निघत नाहीत. तेव्हा खरं-खोटं इतकं सरळ वेगळं काढता येत नाही, हे सुमेधाच्या नवऱ्याला माझ्यातर्फे सांगा.

ढब्बू_मिरची

खिक्क! चावट विनोदांचं भाषांतर कुठे मिळेल? अभ्यासासाठी विचारतोय.

कोल्हापुरी_तवा

एवढा इतिहास झाला, खायचं काय मिळतं कोणी बोलंना!

जुना_खोंड

तवासाहेब, हॉटेलातच उपाहारगृह आहे आणि पदार्थांनाही नटांची नावं आहेत. पण तुमच्या कामाची गोष्ट वेगळी. न्यू मेक्सिकोत कुठेही बसा, वाढणारी बाई विचारणार, "लाल की हिरवी?" म्हणजे मिरची कोणती. हा त्या राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, विधिमंडळाने ठराव करून ठरवलेला. चेष्टा नाही. दोन्ही हव्या असतील तर 'ख्रिसमस' म्हणायचं.

कोल्हापुरी_तवा

मिरचीवर ठराव करणारं विधिमंडळ! सलाम. हिरवी म्हणजे आपल्या ठेच्यासारखी का?

रेणुका_एन_एम

नाही हो. मिरची लांब, मांसल, आधी जाळावर भाजून साल काढतात. शरद ऋतूत दुकानांबाहेर जाळीचे पिंप फिरवत भाजतात, अख्ख्या गावाला वास. तिखट बेताचं. ठेच्याची सवय असलेल्याने दोन वाट्या संपवल्या तरी घाम येणार नाही. लाल मात्र वाळवून वाटलेली, ती जरा खोल जाते. मी डब्यात भाकरीबरोबर हिरवी खायचे.

सान्वी_फिनिक्स

अवांतर : रूट ६६ वर जुन्या धाटणीच्या मुक्कामांमधे आपले गुजराती बांधव किती आहेत याचा अंदाज आहे का? अमेरिकेतली निम्म्याहून जास्त मोटेलं भारतीय वंशाच्या मालकांची आहेत असं त्यांची संघटनाच सांगते. कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोजवळ काँक्रीटच्या तंबूंचं 'विगवाम मोटेल' आहे. १९४० च्या दशकात बांधलेलं, पुढे पार रया गेलेलं. २००३ मध्ये एका पटेल कुटुंबाने घेतलं आणि पुन्हा उभं केलं. म्हणजे गोऱ्या माणसाने 'इंडियन' समजून बांधलेला तंबू शेवटी खऱ्या इंडियनने वाचवला. कोलंबसाचा घोळ तिथे मिटला.

अर्धवटराव

हा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा, संपादक मंडळ.

कामिनी_देव

जरा गंभीर व्हायची परवानगी घेते. मी वास्तुरचनेची विद्यार्थिनी होते, त्यामुळे माझा आवडता पूर्वेतिहास सांगते.

गॅलपमध्ये एल रँचोच्याही आधी एक मोठं हॉटेल होतं, रेल्वेच्या कडेला. एल नवाहो. फ्रेड हार्वी कंपनीचं, १९२३ मध्ये खुलं झालं. रचना मेरी कोल्टर यांची. ग्रँड कॅन्यनच्या कड्यावरच्या कितीतरी इमारती ज्यांनी केल्या त्याच या बाई. त्यांनी काउबॉय आणला नाही, नवाहो वाळूचित्रांवरून भिंती रंगवून घेतल्या. अभ्यासू काम होतं. १९५७ मध्ये पाडलं. का? हायवे रुंद करायला.

गंमत बघा. अभ्यास करून, आब राखून बांधलेलं हॉटेल रस्त्यापायी गेलं आणि त्याच रस्त्याच्या जोरावर चाललेलं, सगळीकडचे तुकडे जोडलेलं हॉटेल टिकलं. कोल्टर तेव्हा हयात होत्या. मला एल रँचोच्या जिन्याचं कौतुक आहे, पण तिथे उभं राहिलं की एल नवाहो नसल्याचं जास्त जाणवतं. ज्यांना कोल्टर यांचं काम बघायचंय त्यांनी पुढे ॲरिझोनात विन्स्लोला 'ला पोसादा' बघावं. ते १९९७ पासून पुन्हा चालू आहे.

पुराव्याने_शाबित

कामिनीताई, उत्तम. एल रँचो तरी सहज टिकलं असं नाही. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत घोडेवाल्या चित्रपटांचा बहर ओसरला. मग आय-४० आला आणि १९८० च्या सुमारास गाड्या गावाला वळसा घालून जायला लागल्या. रूट ६६ हा अधिकृत महामार्ग म्हणून १९८५ मध्ये नकाशावरून काढूनच टाकला. हॉटेलचं दिवाळं वाजलं, बंद पडलं. पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या. त्या काळात आर्मंड ओर्तेगा यांनी ते घेतलं. घराणं पिढ्यानपिढ्या मूळ रहिवाशांच्या चांदी-फिरोजाच्या दागिन्यांचा आणि गालिच्यांचा व्यापार करणारं. त्यांनी डागडुजी करून पुन्हा चालू केलं.

१९८८ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदवहीत नाव लागलं. त्या नोंदीला साधारण नियम असा, की वास्तूला पन्नास वर्षं झालेली हवीत. १९३७ अधिक पन्नास, करा हिशोब. पन्नाशी भरली आणि लगेच नोंद झाली. तेव्हा नवऱ्याच्या 'वाडा' धाब्याला उत्तर असं : पन्नास वर्षं थांबा, इमारत मूळ रूपात ठेवा, अर्ज करा, मग बोलू.

कर्वे_रोडचा_काउबॉय

धाब्यावर पन्नास वर्षं छतच टिकत नाही, पत्रे उडतात.

मुंबईकर_दाजी

पाडण्यावरून आठवलं. भारतात चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला तोही हॉटेलातच. मुंबईचं वॉटसन्स, ७ जुलै १८९६, ल्युमिए बंधूंची चित्रं. बिडाच्या सांगाड्याची इमारत, इंग्लंडमध्ये ओतून आणलेली. काळाघोड्याला आजही उभी आहे आणि बघवत नाही. नोंदवहीत नाव असून काय उपयोग, घेणारा ओर्तेगा पाहिजे.

अर्धवटराव

दाजी, आणि भाडेकरू, मालक, कोर्ट यांतून वाट काढणारा ओर्तेगा पाहिजे. ते गॅलपला नव्हतं.

सान्वी_फिनिक्स

काउबॉय हॉटेलांची यादी करायची तर वायोमिंगमधलं कोडी गावचं 'इर्मा हॉटेल' राहून चालणार नाही. ते १९०२ चं, 'वाइल्ड वेस्ट'चे खेळ करणाऱ्या खुद्द बफेलो बिलने बांधलं आणि धाकट्या मुलीचं नाव दिलं. तिथला चेरीच्या लाकडाचा बार राणी व्हिक्टोरियाने त्याला भेट दिला असं अभिमानाने सांगतात.

पुराव्याने_शाबित

राणीने बफेलो बिलचा खेळ १८८७ मध्ये बघितला हे खरं. राणी वारली जानेवारी १९०१ मध्ये. हॉटेल उघडलं १९०२ च्या नोव्हेंबरात. बार कोणी पाठवला याचा विचार ज्याने त्याने करावा.

नीलाक्षी

शाबितराव, तुम्हाला कुठल्याच हॉटेलात कोणी गोष्ट सांगत नसतील.

पण बघा, बफेलो बिल म्हणजे तर उलटं उदाहरण. तो माणूस खरोखरचा वाटाड्या होता, रानम्हशी (बायसन) मारलेला होता, आणि तिकीट लावून स्वतःचंच सोंग आयुष्यभर करत फिरला. 'खरं वेस्टर्न' हॉटेल म्हणून इर्माकडे बोट दाखवाल तर ते एका खेळवाल्याने पर्यटकांसाठीच बांधलेलं. देखाव्याच्या मागे अस्सल काहीतरी लपलंय आणि ते शोधायचंय, या हिशोबाने गेलं की निराशा होते. तिथे देखावा हाच धंदा होता, शंभरेक वर्षं चाललेला.

सुमेधा_डॅलस

बापरे, किती लिहिलंत सगळ्यांनी! दोन दिवस धाग्याकडे बघायला वेळ मिळाला नव्हता.

नवऱ्याला सगळं वाचायला दिलं. थिएटरवाला ग्रिफिथ आणि १९४८ चा खटला वाचून तो एकदम जागा झाला (तो वकील आहे). रेणुकाने लिहिलेलं त्याने मुलीला वाचून दाखवलं, ती आता विचारतेय की नवाहो लोकांचं स्वतःचं म्हणून बघण्यासारखं काय आहे. 'वाडा' धाब्याचा मुद्दा त्याने मागे घेतलेला नाही, फक्त "पन्नास वर्षांनी बघू" म्हणतोय. एल रँचोला एक रात्र पक्की. विन्स्लोला थांबायचं की नाही यावर आता चर्चा.

झोपमोडीचं मात्र कोणी सांगा. रेल्वे अगदी जवळ आहे ना?

जुना_खोंड

रस्त्यापलीकडेच रूळ आहेत आणि शिकागो-लॉस एंजेलिस मार्गावरची मालवाहतूक रात्रभर चालू असते. भोंगे ऐकू येणारच. गाव रेल्वेनेच वसवलंय, तिला गप्प कोण बसवणार? झोप सावध असेल तर कानात घालायचे बोळे न्या. मला स्वतःला तो आवाज आवडला, पण माझं बालपण भुसावळला गेलंय, माझं धरू नका.

रेणुका_एन_एम

सुमेधा, मुलीसाठी : गावातल्या जुन्या पेढ्यांमधून चांदी आणि फिरोजाचे दागिने बघा. काही ठिकाणी गहाण ठेवून न सोडवलेले जुने दागिने वेगळे मांडलेले असतात. ते बघताना ते कोणाच्या घरातून आले असतील हा विचार डोक्यात राहतोच. घ्यायचं असेल तर कारागिराचं नाव विचारा, चांगला दुकानदार आनंदाने सांगतो. जमलं तर गॅनाडोची हबेल पेढी बघा, गॅलपहून तासाभराच्या थोडं वर. १८७८ पासूनची, अजून चालू. विणकर मागावर बसलेली दिसली तर आधी विचारा आणि मगच फोटो काढा.

घड्याळाचीही गंमत लक्षात ठेवा. जूनमध्ये न्यू मेक्सिकोचं घड्याळ ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं. नवाहो राष्ट्राचा ॲरिझोनातला भाग न्यू मेक्सिकोप्रमाणे चालतो, बाकी ॲरिझोना नाही, आणि मधला होपी जमातीचा भाग पुन्हा ॲरिझोनाप्रमाणे. गॅनाडोहून होपी गावांमार्गे गेलात तर एका दुपारी तीनदा घड्याळ बदलेल. फोनवर विसंबू नका.

कोल्हापुरी_तवा

तीनदा घड्याळ बदललं तर जेवण किती वेळा?

सान्वी_फिनिक्स

सुमेधा, तारखा अजून हलवता येत असतील तर ऑगस्टचाही विचार कर. गॅलपला १९२२ पासून आंतरजमातीय सेरेमोनियल भरतो. नाच, विणकाम, कुंभारकाम, दागिने, सगळ्या जमातींचे कारागीर एका ठिकाणी. मुलीच्या प्रश्नाला तिथे उत्तर मिळेल. फक्त त्या दिवसांत गावात खोली मिळायची मारामार असते, आरक्षण बरंच आधी करावं लागतं. आणि दुपारी पाऊस येतो त्या सुमारास, छत्र्या घ्या.

सुमेधा_डॅलस

ऑगस्टमध्ये तिची शाळा सुरू होते गं. टेक्सासमध्ये सुट्ट्या लवकर संपतात. सेरेमोनियलच्या तारखा आणि शाळेच्या तारखा शेजारी ठेवून आज रात्री बघते. नाही जमलं तर जूनचंच पक्कं.